तीन मिशांची विनिफ्रेड

मी जाळी बोलतेय. होडीतून फेकतात ती नव्हे. ती माझी लांबची, जरा आडदांड बहीण. मी दांड्याची जाळी. आंबे उतरवायला काठीच्या टोकाला झेला बांधतात ना, साधारण तशी. फरक एवढाच, की झेल्यातला आंबा घरी जातो आणि माझ्यात आलेला मासा परत नदीत जातो.

खायचा नाही तर पकडायचा कशाला, असं तुम्ही विचाराल. आमची ग्लेनिस लग्न झाल्यापासून हेच विचारते आहे. तिच्या नवऱ्याला, आयव्हरला, अजून उत्तर सापडलेलं नाही. आमच्या विलायतेतल्या वाय नदीच्या काठी राहणाऱ्या माणसांना हा प्रश्न विचारू नये. उगीच चहा गार होतो.

माझा दांडा सगळ्यात जुना. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपचे वेल चढवायला मळ्यात चेस्टनटचे उंच वासे रोवतात, त्यातलाच एक आयव्हरच्या बापानं आणला. तो म्हणायचा, मालकानं दिला. गावातले म्हणायचे, मालकाला कळलं असतं तर नक्की दिला असता. त्या वाशाच्या टोकाला पितळी आटे बसवले, त्यात माझी कडी, म्हणजे जाळं लावलेलं गोल कडं, फिरवून बसते. पहिलं जाळं गाठींचं होतं, माशांना खरचटायचं. आयव्हरनं पुढं ते काढून बिनगाठींचं, मऊ जाळं लावलं. त्याच्या बापाचा आता माझ्यात दांडा तेवढा उरला आहे. आणि एक नियम.

नियम असा: मासा गळाला लागल्याशिवाय जाळी जोडायची नाही. मासा पाण्यात आणि तुम्ही जाळी मांडून बसलात, म्हणजे बाजारात तुरी असला प्रकार. नदीला असला आगाऊपणा खपत नाही म्हणे. म्हणून माझी कडी पिशवीत आणि दांडा गवतात असा माझा जन्म गेला. गळाची काठी टेकूवर ऐटीत बसते, रीळ चकाकत असतं, चहाच्या थर्मासलासुद्धा सपाट दगड मिळतो. मला मात्र आयत्या वेळी हाका. मी कधी तक्रार केली नाही. आता करते आहे, कारण त्या नियमापायी यंदा काय होऊन बसलं असतं ते मलाच ठाऊक.

बार्बल हा मासा तुम्ही पाहिला नसेल. अंग तांबूस सोनेरी, पोट पांढरं, आणि तोंडाशी चार मिशा. नदीच्या तळाशी, ओढ असेल तिथं, नाक खुपसून राहतो. आमच्या वाकणावर, वाकलेल्या विलोच्या झाडाखाली, एक भलीमोठी मादी होती. तिला मिशा तीनच. आयव्हरनं तिचं नाव ठेवलं विनिफ्रेड. हे त्याच्या सासूचं नाव.

ग्लेनिसला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या आईला इतक्या नव्हत्या."

आयव्हर बसचा ड्रायव्हर होता. त्याचा सोबती मर्विन हा खाटीक, सगळे त्याला मर्व म्हणतात. एवढा नावाजलेला खाटीक, पण बार्बल त्याच्या दुकानातल्या सॉसेजला तोंड लावत नाहीत. त्यांना लागतं वाण्याच्या दुकानातलं स्वस्तातलं, डब्यातलं गुलाबी मांस. मर्वला ते डबे गिऱ्हाईकांच्या नजरेआड, कोटाखाली लपवून आणावे लागतात. चोरून दारू आणल्यासारखं.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. पाणी खाली गेलेलं, कोमट. आयव्हरच्या गळाला विनिफ्रेड लागली. मर्वनं मला जोडलं आणि खूप झटापटीनंतर ती माझ्यात आली. बार्बलची एक खोड आहे. तो अंगातला शेवटचा कण संपेपर्यंत भांडतो, आणि मग त्याच्यात पोहण्याचंही त्राण उरत नाही. अशा वेळी त्याला प्रवाहाकडे तोंड करून जाळीतच धरून ठेवायचं असतं. कल्ल्यांतून पाणी खेळू द्यायचं, दम परत येऊ द्यायचा. तसाच सोडला तर तो उलटा होतो आणि बुडून मरतो. मासा बुडून मरतो, यावर हसू नका. मी पाहिलेलं आहे.

विनिफ्रेड माझ्यात एका अंगावर कलली होती. मर्वनं दांडा धरला होता. तेवढ्यात मागून आयव्हरचा आवाज आला.

"मर्व, मला जरा बरं वाटत नाहीये."

मर्वनं वळून पाहिलं तर आयव्हर काठावर कुशीवर आडवा झाला होता, तोंड ओल्या कणकेसारखं. मर्वच्या हातून दांडा सुटला. धावताना त्याचा पाय माझ्यात अडकला, कडी पाण्यात उलटली, आणि विनिफ्रेड माझ्यातून घसरून बाहेर गेली. मला वाटलं ती शेपूट हलवेल. तिनं नाही हलवली. पांढरं पोट वर करून ती काठाकाठानं वाहत गेली. तिच्यामागून मीही. खाली विलोच्या मुळ्यांत मी अडकले. तिथून मला फक्त अँब्युलन्सचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मर्व लांब दात्यांचं दाताळं घेऊन आला आणि मला ओढून काढलं. मग मला खांद्यावर टाकून तो काठानं खाली खाली चालत राहिला, प्रत्येक झुडपाखाली वाकून पाहत. मेलेला मासा त्याला सापडला नाही. पण आमच्या नदीत मेलेला मासा सापडला नाही म्हणून तो जिवंत आहे असं होत नाही. पाणमांजरं काही शिल्लक ठेवत नाहीत. मर्व एका फाटकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

मला घेऊन तो आयव्हरच्या गॅरेजात आला तेव्हा ग्लेनिस तिथंच उभी होती. हॉस्पिटलातून नुकतीच आलेली, कोट अंगातच.

"कसा आहे?" मर्वनं विचारलं.

"वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं सांगू? विनिफ्रेड. मला वाटलं माझ्या आईची आठवण काढतोय. बरं वाटलं क्षणभर."

"मलाही तेच विचारलं त्यानं. सकाळी भेटलो तेव्हा."

"मग?"

मर्व माझ्या दांड्याकडे पाहत होता. "म्हटलं, पोहत गेली. झकास गेली, झपकन. ग्लेनिस, ती मेली गं. माझ्या पायानं."

ग्लेनिसनं गॅरेजचं दार लावून घेतलं. "हे बघ. तो म्हणाला, ती पोहत गेली ना, मग मीही येतो बाहेर यातून. मी स्वतः ऐकलं. तेव्हा आता ती गेली. झपकन गेली. याउप्पर तुझ्या तोंडून दुसरं काही निघालं, तर तुझ्याच सुऱ्यानं तुझी चामडी सोलीन."

झालं. त्या दिवसापासून मर्वच्या मागं ते खोटं लागलं आणि मी खुंटीला टांगली गेले.

हिवाळा मोठा वाईट गेला. गॅरेजात मी, गवत कापायचं यंत्र आणि कांद्यांच्या माळा. माझ्या अंगाला माशांचा वास येतो म्हणून ग्लेनिसनं मला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. नदीवरचे बूट आणि मी, आमची जात एक. आयव्हर घरी आला, मग काठी टेकत अंगणात आला, मग एक दिवस गॅरेजात. मला खाली घेऊन त्यानं फाटलेलं जाळं सुईदोऱ्यानं शिवलं. एका भोकात विनिफ्रेडचा एक खवला चिकटून वाळला होता. तो उजेडात धरून त्यानं कितीतरी वेळ पाहिला आणि खिशात टाकला.

दर रविवारी मर्व यायचा. दोघं उलट्या बादल्यांवर बसून चहा प्यायचे, आणि कप अर्धा झाला की आयव्हर म्हणायचा, "ती कशी गेली ते सांग ना पुन्हा."

मर्वच्या कपाळाला घाम यायचा. पण सांगायचा. पहिल्यांदा ती नुसती गेली होती. पुढच्या खेपेला तिनं शेपूट हलवली. ख्रिसमसच्या सुमाराला तिनं मर्वच्या तोंडावर शेपटीनं पाणी मारलं.

"चष्म्यावर?"

"चष्म्यावर. काही दिसेना मला."

"आणि वळली कुठं?"

"डावीकडे. विलोखाली."

"पुन्हा सांग," आयव्हर म्हणायचा.

खोटं बोलणाऱ्याला खोलात शिरायला लावणं हा मोठा छळ असतो. मला मर्वची कीव यायची. मी सगळं पाहिलं होतं. मला तोंड असतं तर मीही खोटंच बोलले असते.

जूनच्या सोळा तारखेला आमच्याकडे नदी उघडते. म्हणजे वसंतभर गळाला बंदी असते, ती उठते. त्या दिवशी पहाटे आयव्हर टोपी घालून तयार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जा, पण हृदयाला ताण पडेल अशी ओढाताण करायची नाही, मोठा मासा लागला तर काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. ग्लेनिसचा डॉक्टरांवर विश्वास होता, नवऱ्यावर नव्हता. म्हणून ती विणकाम आणि मनुकांचा केक घेऊन बरोबर निघाली.

"यंदा पुलाखाली बसू या," मर्व गाडीत म्हणाला. "वाकणावर गाळ साचलाय."

"तू पाहिलास?"

"ऐकलं."

"आपण वाकणावर बसायचं," आयव्हर म्हणाला. "विनिफ्रेडला भेटायचंय मला."

मर्वनं गाडी वाकणाकडे वळवली. मी मागच्या सीटवर होते, मला त्याचा आरशातला चेहरा दिसत होता. आज ती दिसली नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा, असं किती दिवस टाळणार? एवढी ओळखीची मासोळी हंगामभर कुणालाच लागली नाही, तर आयव्हर काय ते समजणारच. आणि ज्या धाग्याला धरून तो वर आला होता तो धागा तुटणार. मर्वला धास्ती होती ती याची.

सकाळ तशीच गेली. पलीकडच्या काठावर पांढऱ्या तोंडाच्या गाई पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. गळाला डब्यातल्या मांसाचा तुकडा, वर चाऱ्याची डबी, तंगुसाचा दोरा ताणलेला. खंड्या येऊन काठीच्या टोकावर बसून गेला. केक संपला. मी नियमानुसार दोन तुकड्यांत गवतात पडून होते.

"ही अशी का पडलीय?" ग्लेनिसनं मला सुईनं ढोसलं. "जोडून ठेवा की."

"मासा लागल्याशिवाय नाही," दोघं एकदम म्हणाले.

"कुणाचं डोकं हे?"

"माझ्या बापाचं," आयव्हर म्हणाला.

"तुझ्या बापानं जन्मात एक तरी मोठा मासा काढला का?"

यावर आयव्हर कुंपणाआड लघवीला गेला. मर्व थर्मासचं झाकण उघडण्यात गुंतला. आणि नेमकी तीच वेळ साधून काठी टेकूवरून उडाली. बार्बल विचारून खात नाही. काठी गवतावरून सरपटत पाण्याकडे निघाली, आणि ग्लेनिसनं विणकाम टाकून तिच्यावर झडप घातली.

"मर्व, हे काय आहे? हे मला ओढतंय!"

"सोडू नकोस! काठी वर धर!"

आयव्हर पँट सावरत धावत आला. त्यानं हात पुढं केला, तशी ग्लेनिसनं त्याला कोपरानं ढकललं. "तू हात लावायचा नाहीस. लांब बसून सांग काय करू ते."

मग आयव्हर गवतात मांडी घालून बसला आणि सांगत सुटला: ओढतेय तेव्हा ओढू दे, थांबली की फिरव, झाडाकडे जाऊ देऊ नकोस. माणूस आयुष्यभर बस चालवलेला, बायकोला काठी चालवायला शिकवताना त्याचे हात हवेतच स्टिअरिंग फिरवत होते. ग्लेनिसचे हात भरून आले, टोपी पडली, ती म्हणाली, "आईशप्पथ, ही नक्की माझ्या आईवर गेलीय."

इकडे मर्व मला जोडत होता. आणि माझे आटे बसेनात. ऑगस्टात रात्रभर नदीत पडले होते मी, लाकूड फुगलं होतं, पितळेत वाळू रुतली होती. आयव्हरनं जाळं शिवलं, पण आटे कुणी तपासले नाहीत, कारण मला आधी जोडून बघायचंच नाही असा त्यांचा नियम. कडी अर्ध्यात अडकायची आणि निसटायची. मर्व घामाघूम. मी मनात म्हणत होते, बाबा, उलटी फिरव, आधी वाळू सांडू दे.

"जाळी!" आयव्हर ओरडला. "मर्व, ती वर आली!"

मर्वनं मला गुडघ्यात दाबलं, उलटं फिरवलं, सुलटं फिरवलं, आणि कड् असा आवाज होऊन मी बसले. तो बुटांसकट कमरेपर्यंत पाण्यात उतरला. तांबूस पाठ एकदा वर आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मी तिच्याखाली गेले आणि ते ओळखीचं वजन माझ्यात आलं.

ओळखीचं म्हणजे ओळखीचंच. मी उगीच सांगत नाही. तिनं तोंड वळवलं आणि मी मोजल्या. उजवीकडं दोन, डावीकडं एक.

मर्वनंही मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"काय लागलंय?" आयव्हरनं काठावरून विचारलं.

"विनिफ्रेड," मर्व म्हणाला. मग एकदम मोठ्यानं, "आयव्हर, विनिफ्रेड आहे रे ही!"

मला वाटलं आता जीव भांड्यात पडला. पण अजून पडायचा होता. भांडून भांडून ती पार संपली होती. गळ काढला तरी हलेना. मर्वनं तिला पाण्याबाहेर काढलंच नाही. वजन नाही, फोटो नाही. दोन्ही हातांनी माझी कडी धरून तिचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि तो तसाच उभा राहिला. ती एका अंगावर कलली. त्यानं हलकेच सरळ केली. पुन्हा कलली. पुन्हा सरळ.

"बस झालं असेल," ग्लेनिस म्हणाली.

"नाही," मर्व म्हणाला. "या खेपेला नाही."

त्याचे ओठ निळे पडले. आयव्हर खाली येऊन पाण्याच्या कडेला बसला आणि त्यानं मर्वच्या कोटाचं मागचं टोक मुठीत धरून ठेवलं, तो घसरू नये म्हणून. माझ्या जाळ्याला तिचे कल्ले लागत होते. आधी मंद, मधेच थांबणारे. मग जरा नेमानं. मग तिच्या शेपटीकडून एक थरथर आली, माझ्या दोऱ्यादोऱ्यातून दांड्यापर्यंत गेली. मर्वनं कडी खाली दाबली. ती क्षणभर तशीच राहिली, स्वतःच्या बळावर, सरळ. आणि मग शेपटीचा असा फटका मारला की मर्वच्या चष्म्यावरून पाणी निथळलं. डावीकडे वळली आणि विलोखाली गेली.

मर्व चष्मा न पुसताच उभा होता.

"चष्म्यावर," आयव्हर म्हणाला. "आणि डावीकडे. तू सांगायचास अगदी तसंच."

"आयव्हर, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"काही नको सांगूस."

"त्या दिवशी ती..."

"पोट वर करून गेली. ठाऊक आहे मला. माझ्या नाकासमोरून गेली. मी आडवा पडलो होतो, लेका, मेलो नव्हतो."

ग्लेनिसनं टोपी उचलली होती ती तिच्या हातातच राहिली. "तुला माहीत होतं? आणि सगळा हिवाळा या बिचाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावत होतास?"

"हो."

"माझी झोप उडाली होती," मर्व म्हणाला. "तू 'पुन्हा सांग' म्हणालास की मला कप टाकून पळावंसं वाटायचं. कशाला रे?"

आयव्हरनं अजून त्याचा कोट सोडला नव्हता. "तू सांगत असायचास ना, तेवढा वेळ ती जिवंत असायची. मलाही जरा बरं वाटायचं."

मर्वनं त्याला एक शिवी दिली, ती मी सांगणार नाही. मग तो पाण्यातच उभा राहून हसायला लागला, आणि हसता हसता रडला. ग्लेनिस म्हणाली, आधी बाहेर ये, निमोनियानं मेलास तर तुझ्यासाठी नवीन खोटं कोण रचणार?

त्या दिवशी पुन्हा गळ टाकला नाही. उरलेलं मांस पलीकडच्या बदकांनी खाल्लं. गाडीत बसण्याआधी ग्लेनिसनं नवा नियम सांगितला: इथून पुढं सगळ्यात आधी जाळी जोडायची, मग काठी. आयव्हर म्हणाला, बापाचा नियम मोडला तर मासे येणार नाहीत. ती म्हणाली, मासा मी काढला, नियमही माझाच.

तर अशी मी. दांडा फुगलेला, आटे झिजलेले, जाळं ठिगळाचं. फार दिवस पुरेन असं नाही. जाण्याआधी एवढंच सांगते: दमलेल्याला धरून ठेवताना घाई करू नका. आता बस झालं असेल असं काठावरचे म्हणतात. त्यांच्या हातात काही नसतं. तुमच्या हातात आहे, तुम्हाला कळेल.

घरी आल्यावर आयव्हर मला गॅरेजकडं घेऊन निघाला. ग्लेनिस दारातून म्हणाली, "आत आण तिला."

"वास येईल."

"येऊ दे."

पहिल्यांदाच मी उंबरा ओलांडला. तिनं मला स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, तिच्या चांगल्या कढयांशेजारी टांगलं. माझ्यातून अजून नदी ठिबकत होती. फरशी ओली होऊ नये म्हणून तिनं खाली एक भांडं आणून ठेवलं.